वहीला वाचक हवा



मुलांच्या इंग्रजीची चिंता आपल्या घरोघरी आहे. इस्राएलमध्ये बगरुतला इंग्रजी हा सक्तीचा विषय. त्यामुळे बीरशेबा असो, अश्दोद असो वा डिमोना, मूल वरच्या वर्गात गेले की शिकवणीचा प्रश्न उभा राहतो. मुले नियम पाठ करतात, निबंध लिहितात, शिक्षक चुकांखाली लाल रेघा ओढतात आणि गुण मिळाले की वही अडगळीत पडते. एवढे लिहूनही त्या वहीत मूल स्वतः कोठे सापडत नाही. याचे कारण शोधताना अमेरिकेतील एका इंग्रजीच्या वर्गाची हकीकत आम्हांस उद्बोधक वाटते.

कॅलिफोर्नियातील लाँग बीच शहराच्या वुड्रो विल्सन हायस्कूलमध्ये १९९४ च्या सुमारास एरिन ग्रुवेल नावाच्या तरुण शिक्षिका इंग्रजी शिकवू लागल्या. वर्गात अनेक वंशांची मुले होती, आणि कित्येकांच्या वस्त्यांत टोळीयुद्धे चालत. एकदा एका कृष्णवर्णीय मुलाची विटंबना करणारे व्यंगचित्र वर्गात फिरले. नाझी वृत्तपत्रे यहुद्यांची अशीच चित्रे छापीत, असे बाईंनी सांगितले; तेव्हा त्यांना कळून चुकले की बहुतेक मुलांनी यहुद्यांच्या त्या संहाराविषयी काही ऐकलेलेच नाही. मग त्यांनी ॲन फ्रँकची रोजनिशी आणि साराजेव्होच्या युद्धात सापडलेल्या झ्लाता फिलिपोविच या मुलीची रोजनिशी मुलांना वाचावयास दिली. पुस्तकांच्या खर्चासाठी बाईंनी शाळेबाहेर आणखी नोकऱ्याही केल्या.

आपल्याच वयाच्या मुली आपले भय आणि रुसवेफुगवे असे लिहू शकतात, हे पाहून ही मुलेही लिहू लागली. कोणी गोळीला बळी पडलेल्या मित्राविषयी लिहिले, कोणी भाडे थकल्याने घरातून बाहेर पडावे लागल्याची कथा सांगितली, तर कोणी अक्षरे नीट वाचता न येण्याचे दुःख. ॲनच्या कुटुंबाला लपून राहण्यास साहाय्य करणाऱ्या मीप गीस यांना मुलांनी आपल्या शाळेत बोलाविले, आणि त्या आल्याही. १९६१ च्या ‘फ्रीडम रायडर्स’वरून या मुलांनी ‘फ्रीडम रायटर्स’ हे नाव घेतले. १९९९ साली दीडशे विद्यार्थ्यांच्या नोंदींचे पुस्तक निघाले, आणि २००७ साली त्यावर चित्रपटही झाला.

या हकीकतीतील दोन गोष्टी आम्हांस विशेष मोलाच्या वाटतात. पहिली अशी की, आपले लिखाण कोणीतरी वाचणार आहे ही जाणीव लिहिणाऱ्याला बदलून टाकते. ॲनचेच पाहा. तिने आपली वही एका कल्पित मैत्रिणीला उद्देशून लिहिली होती. २८ मार्च १९४४ रोजी लंडनहून प्रसारित झालेले एका डच मंत्र्याचे आवाहन तिने ऐकले, की युद्धकाळातील रोजनिश्या आणि पत्रे लोकांनी जपून ठेवावीत. त्यानंतर आपले लिखाण छापले जावे या आशेने तिने ते पुन्हा लिहावयास घेतले. वाक्ये बदलली, मजकूर गाळला, नवा घातला. हे तिला कोणी शिक्षकाने सांगितले नव्हते. मीप गीस यांनी ती पाने जपली आणि १९४७ साली ती जगापुढे आली. चुका सुधारल्या पाहिजेत, यात शंका नाही. परंतु समोरच्याला आपले म्हणणे कळावे अशी तळमळ ज्याला असते, तो आपल्या चुका आपणच शोधू लागतो.

दुसरी गोष्ट संकोचाची. लाँग बीचच्या मुलांच्या नोंदी नावांनिशी नव्हे, क्रमांकांनिशी छापल्या गेल्या. मूल मन मोकळे करते तेव्हा त्याच्या घरची दुःखेही उघडी पडतात. म्हणून वाचक हवा, तसे आडोशाचे आश्वासनही हवे. मुलाची वही त्याला न विचारता पाहुण्यांपुढे वाचून दाखविणाऱ्या आईबापांनी हे ध्यानात घ्यावे.

वाचकाची वाट पाहणे आपल्या समाजालाही नवे नाही. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी बेने इस्राएलांचा इतिहास इंग्रजीत लिहून १८९७ साली पुरा केला. तो छापून निघाला १९३७ साली, तेल अवीवमध्ये, त्यांच्या पश्चात. चाळीस वर्षे ते हस्तलिखित जपले गेले, म्हणून आज आपणांस आपली माहिती त्यात शोधता येते.

आमची सूचना साधी आहे. मुलाने इंग्रजीत पानभर लिहिले, तर आधी त्यातील मजकुराविषयी विचारावे. स्पेलिंगची गोष्ट मागाहून काढावी. मुंबईतील आत्याला किंवा परदेशातील मामेभावाला त्याने स्वतः पत्र लिहावे. आजी-आजोबांकडून कोकणातल्या गावच्या, तेल गाळण्याच्या घाण्याच्या आठवणी ऐकून त्या इंग्रजीत वा हिब्रूत उतरवून काढाव्यात. आजीची मराठी ज्याला वाचता येत नाही, त्या नातवाच्या वहीत तरी ती राहील. मात्र ती वही घरात कोणीतरी वाचली पाहिजे.