किनारा सर्वांचा, पहारा कोणाचा?

हवाई बेटांतील होनोलुलू शहराचा वायकीकी किनारा पर्यटकांनी आणि उंच हॉटेलांनी गजबजलेला असतो. त्याच्या पूर्वेच्या टोकाला कायमाना नावाची एक लहानशी पुळण आहे. २०१७ च्या उन्हाळ्यात तेथे एका मंक सील मादीने पिलाला जन्म दिला आणि पुढचे काही आठवडे मायलेकरांभोवती दोर बांधून पहारा ठेवावा लागला. दोरापाशी पाळीपाळीने जे उभे राहिले त्यांत सरकारी कर्मचाऱ्यांच्या जोडीला कसलेही वेतन न घेणारे स्वयंसेवक होते. असे पहारे आजही हवाईच्या अनेक बेटांवर चालतात. भूतदयेचे गोड उदाहरण म्हणून वृत्तपत्रे त्यांची छायाचित्रे छापतात. समाजवादी कार्यकर्त्याने मात्र हे दृश्य अधिक निरखून पाहिले पाहिजे. कारण सार्वजनिक मालमत्ता, श्रम आणि राज्यसंस्थेची जबाबदारी हे आपले जुनेच प्रश्न त्या दोराभोवती गोळा झाले आहेत.

हवाईचा मंक सील अन्यत्र कोठेही आढळत नाही. त्याचा कॅरिबियन भाऊबंद १९५२ नंतर दिसला नाही आणि २००८ साली तो नामशेष झाल्याचे अमेरिकन सरकारने जाहीर केले. हवाईच्या सीलाचीही एकोणिसाव्या शतकात कातड्यासाठी व तेलासाठी कत्तल झाली. १९७६ साली त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले, तरी संख्या घटतच राहिली. ती सावरू लागली २०१३ नंतर. आज हे प्राणी सुमारे १,६०० आहेत आणि त्यांपैकी अवघे ४०० माणसांच्या वस्तीच्या मोठ्या बेटांभोवती राहतात. दोनशे किलो वजनाचा हा प्राणी समुद्रात भक्ष्य शोधून थकला की वाळूवर येऊन झोपतो. मादी पिलाला पाच ते सात आठवडे दूध पाजते आणि तेवढा काळ स्वतः उपाशी राहते. कुतूहलाने जवळ येणाऱ्या माणसांनी तिला वारंवार उठवले, तर त्याची किंमत पिलू मोजते. उलट, माणसांना सरावलेले पिलू मोठेपणी पोहणाऱ्यांच्या अंगाशी येऊ लागते, आणि मग धोका दोघांनाही असतो. जुलै २०२२ मध्ये कायमानाच्याच पाण्यात पिलासोबतच्या मादीने एका पोहणाऱ्या महिलेला जखमी केले.

स्वयंसेवकाचे काम दिसायला साधे आहे. सील आल्याचे दूरध्वनीवरून कळले की तेथे जायचे, खुंट्या रोवून दोर बांधायचा, फलक लावायचे, प्राण्याच्या वल्ह्यासारख्या पायावरील बिल्ल्याचा क्रमांक वा अंगावरचे व्रण टिपून घ्यायचे, तोंडात मासेमारीचा गळ अडकला आहे काय ते पाहायचे. मग उन्हात तासन्‌तास उभे राहून सांगत राहायचे, की पन्नास फूट दूर राहा, पिलू असल्यास दीडशे फूट. सागरी सस्तन प्राण्यांना त्रास देण्यास १९७२ च्या संघराज्याच्या कायद्याने बंदी आहे. हवाई राज्याने तर २०१० मध्ये मंक सीलाला मारणे हा पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा ठरवला. पण स्वयंसेवकाला ना दंड करता येतो, ना कोणाला अडवता येते. २०२१ साली एका पर्यटक स्त्रीने सीलाला हात लावल्याची चित्रफीत जगभर फिरली, तेव्हा कोठे सरकारी यंत्रणा हलली आणि दंड झाला पाचशे डॉलर. वायकीकीच्या बऱ्यापैकी हॉटेलात त्यात दोन रात्रीही निभतील की नाही, शंकाच आहे!

हा पहारा मुळात शक्य होतो तो किनारा सार्वजनिक असल्यामुळे, हे विसरून चालणार नाही. हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली निर्णय दिला, की लाटा जेथवर पोचतात त्या वरच्या रेषेपाशी खाजगी जमिनीची हद्द संपते. त्या रेषेच्या समुद्राकडची वाळू जनतेची. प्रत्येकाने स्वतःच्या हितासाठी केलेल्या अतिवापराने सामाईक मालमत्ता नष्टच होते, असा सिद्धांत गॅरेट हार्डिन यांनी त्याच वर्षी मांडला. माणसे परस्परांत नियम ठरवून अशी मालमत्ता राखू शकतात, हे दाखवून एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी त्याला उत्तर दिले व २००९ चे नोबेल पारितोषिक मिळवले. वाळूतला तो दोर ऑस्ट्रॉम यांच्या बाजूचा पुरावा होय.

पण पुराव्याची दुसरी बाजूही आहे. २०२४ मध्ये सुमारे ९७ लाख पर्यटक हवाईला आले. किनाऱ्याच्या सौंदर्यावर नफा मिळवतो तो हॉटेलांचा आणि विमान कंपन्यांचा व्यवसाय, आणि त्या गर्दीतून प्राण्याला वाचवण्याचे श्रम पुरवतो तो निवृत्त शिक्षक वा विद्यार्थी. श्रमदान ही समाजवादी चळवळीला प्रिय असलेली गोष्ट आहे, परंतु ज्या श्रमदानाने दुसऱ्याचा खर्च वाचतो त्याला श्रमदान म्हणावे काय? शिवाय स्वयंसेवकाच्या वहीतील नोंदींना अर्थ येतो तो पगारी शास्त्रज्ञांमुळे. आज हयात असलेल्या मंक सीलांपैकी सुमारे तीस टक्के प्रत्यक्ष मदतकार्यामुळे वाचलेले किंवा वाचलेल्यांची संतती आहेत, असा नोआ या सरकारी सागरविज्ञान संस्थेचा अंदाज आहे. गळ काढणे, जाळ्यातून सोडवणे, आजाऱ्यावर उपचार करणे ही शिक्षित कर्मचाऱ्यांची कामे. त्याच संस्थेतील शेकडो कर्मचाऱ्यांना फेब्रुवारी २०२५ मध्ये एकाएकी घरी पाठवण्यात आले. ती पोकळी सदिच्छेने भरून निघेल असे मानणारे सरकार स्वयंसेवकांचा गौरव करीत नाही, त्यांना वेठीला धरते.

याहून अवघड प्रश्न कोळ्यांचा आहे. २०१५ मध्ये मोठ्या बेटांभोवतीचा समुद्र सीलांचा महत्त्वाचा अधिवास ठरवला गेला, तेव्हा आपले पाणी आता बंद होणार असे अनेक मच्छीमारांना वाटले. १८९३ साली साखरमळेवाल्यांच्या हितासाठी ज्यांचे राज्य अमेरिकन सैनिकांच्या आधाराने उलथवले गेले, त्या मूळ हवाईवासीयांनी वॉशिंग्टनच्या आश्वासनावर विश्वास का ठेवावा? २००९ पासून काही सील गोळ्या घालून वा डोक्यात प्रहार करून मारले गेले. या हत्यांचे समर्थन होऊ शकत नाही. पण गळ टाकून बसलेल्या गरिबाला दोरापलीकडचा संशयित समजून सीलही वाचणार नाही. कोकणात वेळास येथे २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने समुद्री कासवांची घरटी राखण्याचे काम हाती घेतले, ते गावकऱ्यांना बरोबर घेऊन. पुढे कासव महोत्सवाला येणाऱ्या पाहुण्यांच्या राहण्याजेवणाचे चार पैसे गावाच्याच घरांत गेले, तेव्हा कासव गावाचे झाले.

हवाईला तशी संधी आता आली आहे. निवासावरील राज्याचा कर १ जानेवारी २०२६ पासून पाऊण टक्क्याने वाढून अकरा टक्के झाला आहे आणि वाढीव उत्पन्न पर्यावरणासाठी खर्चावयाचे आहे. किनाऱ्यांचे पुनर्भरण हेही त्यातले एक उद्दिष्ट आहे. या पैशातून मोलोकाई व कवाई बेटांवरच्या मच्छीमार कुटुंबांतील तरुणांना सीलरक्षक म्हणून पगारी कायम नोकऱ्या मिळाल्या पाहिजेत आणि त्यांना दंड करण्याचा अधिकार असला पाहिजे. हॉटेलांसमोरची वाळू रुंद करून घेण्याची मागणी करणारे अधिक संघटित आहेत. कोळ्यांनी आणि स्वयंसेवकांनी ती मागणी येण्यापूर्वी एकत्र बसावयास हवे.