ताटाशेजारी वजनकाटाही हवा

अंगणवाडीत पूरक आहार आणि वजनकाटा जोडीने असतात. मुलाला काय दिले याची एक नोंद होते आणि त्याचे वजन किती भरले याची दुसरी. दुसरी नोंद नसेल तर पहिलीवरून फक्त धान्याचा हिशेब लागतो, मुलाच्या तब्येतीचा नाही. अमेरिकेत सरकारी खर्चाने ज्येष्ठांना जेवण देणारी एक मोठी योजना आहे. तिच्या नियमांत ताटाचा हिशेब अगदी चोख आहे, पण वजनकाटा नाही. ही उणीव वैद्यकीयदृष्ट्या किरकोळ नाही.

या योजनेचे नाव ‘चाइल्ड अँड अ‍ॅडल्ट केअर फूड प्रोग्रॅम’. ती तेथील कृषी खाते चालवते. मुळात ती पाळणाघरांतील मुलांसाठी होती. १९८७ च्या कायदादुरुस्तीने तिच्यात प्रौढांच्या डे केअर केंद्रांचा समावेश झाला. साठीपुढच्या व्यक्तींना आणि अपंगत्वामुळे ज्यांना दैनंदिन व्यवहार एकट्याने जमत नाहीत अशा अठरा वर्षांवरील प्रौढांना तिचा लाभ मिळतो. ही केंद्रे निवासी नसतात. मुलगा-सून कामावर असताना आई-वडील दिवसभर तेथे राहतात आणि संध्याकाळी घरी परततात. एका व्यक्तीमागे दिवसाला जास्तीत जास्त दोन जेवणे आणि एक अल्पोपाहार, किंवा एक जेवण आणि दोन अल्पोपाहार, यांचे पैसे केंद्राला मिळतात. घराबाहेर खाल्ले जाणारे हे अन्न म्हणजे अनेकांच्या दिवसभराच्या आहाराचा मोठा वाटा असतो.

ताटात काय असावे हे मापानिशी ठरलेले आहे. दुपारच्या जेवणात पाच घटक लागतात: एक कप दूध, दोन औंस, म्हणजे सुमारे ५६ ग्रॅम, मांस किंवा त्याला पर्यायी पदार्थ, अर्धा कप भाजी, अर्धा कप फळ आणि पावाच्या दोन कापांइतके धान्य. दिवसातून एकदा तरी अख्ख्या धान्याचा पदार्थ हवा. फळाऐवजी रस दिवसातून एकदाच चालतो. केंद्राच्या स्वयंपाकघरात भरपूर तेलात तळलेले पदार्थ चालत नाहीत, आणि केक-बिस्किटे धान्य म्हणून धरली जात नाहीत. ऑक्टोबर २०१७ पासून लागू झालेली ही रचना आधीच्यापेक्षा निश्चितच चांगली आहे. मधुमेह आणि हृदयविकाराचे प्रमाण पाहता साखर व तळणावरचे निर्बंध योग्यच म्हणावे लागतील.

पण म्हातारपणी धोका फक्त जास्त खाण्याचा नसतो. सत्तरी-पंचाहत्तरीनंतर कमी खाण्याचा धोका अनेकदा अधिक असतो. भूक मंदावते, चव आणि वास कमी कळतो, दात नसतात, औषधांनी तोंड कोरडे पडते. स्नायू झिजत जातात. मग खुर्चीतून उठताना आधार लागतो, तोल जातो, पडणे होते, आणि खुब्याचे हाड मोडले की माणूस अंथरुणाला खिळतो. हे टाळायचे तर हालचालीबरोबर पुरेशी प्रथिने लागतात. ज्येष्ठांच्या आहाराचा अभ्यास करणाऱ्या ‘प्रॉट-एज’ या तज्ज्ञगटाने २०१३ मध्ये सुचवल्याप्रमाणे निरोगी ज्येष्ठांना वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीला ६० ते ७२ ग्रॅम. तीही एकदम नव्हे, तर दर जेवणात २५ ते ३० ग्रॅम अशी विभागून.

आता हे गणित केंद्राच्या ताटाशी ताडून पाहावे. नाश्त्याला एक कप दूध, अर्धा कप फळ किंवा भाजी आणि दोन काप पाव एवढे सक्तीचे आहे. त्यातून जेमतेम बारा ते चौदा ग्रॅम प्रथिने मिळतात. अंडे किंवा तत्सम पदार्थ धान्याच्या जागी द्यायचा असेल, तर तो आठवड्यातून तीनदाच. धान्याबरोबर रोज अंडे द्यायला मनाई नाही, पण त्याचे वेगळे पैसे नाहीत. दुपारी मांसाहारी व्यक्तीला दोन औंस चिकन, दूध आणि पाव मिळून पंचवीस ग्रॅमच्या पुढे जाता येते. शाकाहारी व्यक्तीसाठी अर्धा कप शिजलेली डाळ नियमात त्याच दोन औंस मांसाच्या बरोबरीची धरली जाते. प्रत्यक्षात तेवढ्या डाळीत प्रथिने नऊ ग्रॅमच्या आसपास असतात, चिकनमध्ये पंधरा किंवा अधिक. कागदावर दोन्ही ताटे सारखी, शरीरासाठी मात्र नाहीत.

मुलांकडे राहायला गेलेल्या मराठी आई-वडिलांना हा फरक लागू पडतो. न्यू जर्सीसारख्या राज्यात भारतीय ज्येष्ठांची वर्दळ असलेली, पोळी-भाजी देणारी केंद्रे आहेत. गव्हाची पोळी अख्ख्या धान्यात बसते. दुधाऐवजी दिवसातून एकदा सहा औंस दही चालते. पण त्याच जेवणात दही डाळीच्या, म्हणजे मांसपर्यायाच्या जागीही मोजता येत नाही. एकच डाळ भाजी आणि प्रथिन अशी दोन्हीकडे धरता येत नाही. त्यामुळे पातळ वरण आणि दूध नको म्हणणारे आजोबा असतील, तर ताट भरलेले दिसूनही प्रथिने तोकडी पडतात.

खरी अडचण पुढेच आहे. प्रौढांच्या केंद्रांना ‘देऊ करा’ पद्धत वापरता येते. दुपारच्या पाच घटकांपैकी दोन घटक ज्येष्ठाने नाकारले तरी केंद्राला पूर्ण पैसे मिळतात. यामागचा विचार चांगला आहे. मोठ्या माणसाला नको असलेले अन्न त्याच्या ताटात लादू नये, ते कचऱ्यात जाऊ नये. हा हक्क राहिलाच पाहिजे. पण स्मृतिभ्रंश झालेल्या आजी रोज दूध आणि डाळ नाकारत असतील, तर त्याला निवड म्हणायचे की आजाराचे लक्षण? नियमाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. दुधाचा प्रश्नही तसाच. याच रचनेत स्निग्धांश काढलेले किंवा एक टक्का स्निग्धांशाचेच दूध मान्य आहे. लठ्ठ व्यक्तीला ते ठीक, पण हाडांचा सापळा झालेल्या ८५ वर्षांच्या व्यक्तीला साय काढलेले दूध का पाजायचे?

यावर उत्तर असे की वैद्यकीय पत्र आणले तर बदल करता येतो. ते खरे आहे. पण पत्र मागायला आधी कोणाच्या तरी लक्षात यायला हवे की माणूस खंगत चालला आहे. रोज पाहणाऱ्याला महिन्याला अर्ध्या किलोची घट दिसत नाही. ती फक्त काट्यावर दिसते. सहा ते बारा महिन्यांत प्रयत्नाविना वजन पाच टक्क्यांहून अधिक उतरले, तर डॉक्टर ती धोक्याची खूण मानतात. ६० किलोच्या माणसात ही घट फक्त तीन किलोंची असते, आणि सैल कपड्यांत ती सहज लपते.

म्हणून सुधारणा साधी असावी. केंद्रात दाखल होताना आणि त्यानंतर दर महिन्याला वजन घ्यावे. असमर्थ प्रौढांसाठी प्रत्येकाचा वैयक्तिक देखभाल आराखडा ठेवणे या केंद्रांना आजही बंधनकारक आहे. वजन त्यातच नोंदवता येईल, नवी वही नको. वजन उतरत असेल त्याच व्यक्तीपुरती काय नाकारले याची नोंद करावी, आहारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा आणि सायीचे दूध किंवा रोजचे अंडे यांचे पैसे केंद्राला मिळावेत. नाश्त्याला प्रथिनांचा पदार्थ तर सर्वांनाच रोज मिळायला हवा.

आक्षेप दोन येतील. पहिला कागदपत्रांचा. छोटी केंद्रे आधीच नोंदींनी बेजार आहेत, पण महिन्यातून एक आकडा हा मोठा भार नव्हे. काही राज्यांच्या परवान्याच्या अटी कडक असतीलही, पण जेवणाचे पैसे देशभर एकाच नियमाने मिळतात, तर ही अटही तेथेच हवी. दुसरा आक्षेप वैद्यकीय आहे: मूत्रपिंडाच्या आजारात प्रथिने मर्यादित ठेवावी लागतात आणि हृदयविकारात अंगावर पाणी चढल्याने वजन फसवे वाढते. हे बरोबर आहे, आणि म्हणूनच सर्वांना एकच वाढीव माप सक्तीचे करण्यापेक्षा प्रत्येकाचे वजन पाहणे अधिक शहाणपणाचे. चार दिवसांत दोन किलो वाढले, तर तेही डॉक्टरांना कळवण्याजोगेच असते.

महाराष्ट्रातील विरंगुळा केंद्रांत उद्या सरकारी जेवण सुरू करायचे ठरले, तर मापांचे तक्ते तेथून घेता येतील. वजनकाटा मात्र आपल्या अंगणवाडीतूनच घ्यावा.