नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा

हिंजवडीच्या संगणक कंपन्यांत ‘प्रॉडक्ट मॅनेजर’ नावाचे एक पद असते. ग्राहकाला काय हवे ते त्याने शोधावयाचे, गटाने आधी काय बांधावे आणि नंतर काय, हा क्रम त्याने लावावयाचा, आणि माल बाजारात पडला की जाबही त्यानेच द्यावयाचा. परंतु अभियंत्यांची नेमणूक वा बढती सहसा त्याच्या हाती नसते, अंदाजपत्रक नसते, विक्रीखात्याने बड्या गिऱ्हाइकाला परस्पर कबूल केलेली तारीखसुद्धा पुष्कळदा त्याला मागाहून कळते. अधिकाराविना प्रभाव पाडणे, याला व्यवस्थापनशास्त्राचे पंडित कौशल्य म्हणतात! वस्तुतः ही वरिष्ठांनी आपल्या निर्णयांचे ओझे खाली ढकलण्याची सोय आहे.

या पदाचे मूळ बहुधा १९३१ सालच्या एका टिपणात दाखविले जाते. अमेरिकेतील प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत नील मॅकएलरॉय कॅमे साबणाची जाहिरात पाहत असे आणि हा साबण त्याच कंपनीच्या आयव्हरीच्या छायेत झाकोळला होता. प्रत्येक मालाची संपूर्ण धुरा वाहणारी स्वतंत्र माणसे असावीत, अशी त्याची मागणी. गंमत अशी की, ते टिपण जादा माणसे मिळविण्यासाठी लिहिलेले होते. आजच्या मालकांनी त्यातली जबाबदारी तेवढी उचलली, माणसे विसरली. (मॅकएलरॉय पुढे १९५७ साली अमेरिकेचा संरक्षणमंत्री झाला. त्याच्या वारसांच्या नशिबी मंत्रिपद नाही.)

त्यांच्या नशिबी कायद्याचे संरक्षणही डळमळीतच. मुख्यतः व्यवस्थापकीय काम करणाऱ्याला १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने ‘कामगार’ या व्याख्येतून वगळले आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने तोच अपवाद ठेवला. पदनाम नव्हे, प्रत्यक्ष काम पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा म्हटले आहे, हे खरे. पण ते सिद्ध करावयाचे तर नोकरी गमावलेल्या माणसाने न्यायालयाची पायरी चढावी लागते, आणि तोवर घराचे हप्ते थांबत नाहीत.

असे असता आपलेच काही कार्यकर्ते म्हणतात, गलेलठ्ठ पगार घेणाऱ्या मालकाच्या हस्तकाची कणव कशाला? पगार मोठा म्हणून श्रम विकणारा माणूस मालक होतो काय? निर्णय ज्याने घेतला त्याचे नाव नोंदले जावे, गटाला अशक्य तारीख नाकारता यावी, आणि जाब निर्णय घेणाऱ्याकडेच मागितला जावा, ही मागणी अभियंता आणि त्याचा तथाकथित व्यवस्थापक या दोघांचीही आहे. यापुढे असा कोणी सभासदत्वाचा अर्ज घेऊन आला, तर संघटनेने त्याचे पद विचारू नये. कोणाला कामावर घेण्याचा वा काढण्याचा अधिकार त्याच्या हाती आहे काय, एवढे विचारावे.