‘आणि पार्टी’ म्हणजे कोण?

गेल्या पावसाळ्यात आमच्या पिपरी मेघेतील एक ज्येष्ठ बांधव कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आले. वय सत्तरीच्या पुढे. वर्धा, पुलगाव, आर्वी, हिंगणघाट, पार यवतमाळपर्यंत भीमजयंतीच्या आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमांत त्यांनी चाळीस वर्षे ढोलकी वाजवली. ज्येष्ठ कलावंतांना शासन जे मानधन देते, त्यासाठी त्यांनी अर्ज केला होता. अर्ज परत आला. शेरा एकच : कलावंत असल्याचा पुरावा जोडलेला नाही.

पिशवीत जुन्या कार्यक्रमांची चार पत्रके होती. प्रत्येकावर गायकाचे नाव ठळक अक्षरांत. उद्घाटकाचे नाव, स्वागताध्यक्षाचे नाव, आयोजन समितीच्या एकूण एक सभासदाचे नाव. आणि गायकाच्या नावाखाली बारीक अक्षरांत दोन शब्द : ‘आणि पार्टी’. काकाजी म्हणाले, “वकीलसाहेब, ह्या ‘आणि पार्टी’त मीच होतो ना जी! आता हे सिद्ध कसं करू?”

मी वीस वर्षे वकिली करतो. त्या क्षणी माझ्याजवळ उत्तर नव्हते.

बांधवांनो, आपली चळवळ गाण्यावर उभी राहिली, हे आपण अभिमानाने सांगतो. वर्तमानपत्र वाचता न येणाऱ्या समाजापर्यंत बाबासाहेबांचा विचार पोहोचवला तो जलशांनी. सत्यशोधकी जलशाची परंपरा घेऊन भीमराव कर्डकांसारखे शाहीर गावोगाव फिरले. आपल्या दहा सभांचे काम जलशाचा एक कार्यक्रम करतो, अशा अर्थाचे बाबासाहेबांचे उद्गार पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जातात. पण जलसा हे एकट्याचे काम नव्हते. त्यात ढोलकीवाला होता, पेटीवाला होता, झील धरणारे होते, सोंग घेणारे होते. दिवसा मजुरी आणि रात्री जलसा, असे त्यांचे आयुष्य गेले. कर्डकांनी १९७८ साली ‘आंबेडकरी जलसे’ हा ग्रंथ लिहिला, म्हणून त्या काळाची माहिती आज हाती आहे. बाकीच्या शेकडो पार्ट्यांचे काय? त्यांचा कर्डक कोण?

वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे. १५ मे २००४ रोजी ते गेले. दादांनी आपल्या गीतांच्या शेवटी ‘वामन’ ही नाममुद्रा गुंफली. त्यामुळे गाणे कोणीही गावो, कवीचे नाव पुसता येत नाही. कायद्याने कवीचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो, म्हणजे दादांच्या शब्दांना २०६४ अखेरपर्यंत संरक्षण आहे. पण ढोलकीच्या थापेत नाव गुंफता येत नाही. झील धरणाऱ्या बाईला शेवटच्या कडव्यात जागा नसते.

नामवंतांचीही तीच गत आहे. १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे राहिले ते तिघांमुळे : अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर. अण्णाभाऊंनी घाटकोपरच्या चिराग नगरच्या झोपडीत दिवस काढले आणि १९६९ साली ते गेले. टपाल तिकीट निघाले २००२ साली, मॉस्कोत पुतळा उभा राहिला २०२२ साली. तेही चळवळीने मागणी लावून धरली म्हणून. अमर शेख त्याच १९६९ साली गेले. त्यांचे नाव निदान जाणकार तरी घेतात. पण गव्हाणकर? आपल्या वस्तीतल्या दहा तरुणांना विचारून पहा. तिघांनी मिळून उभ्या केलेल्या कलापथकातला एक असा नजरेआड जात असेल, तर मागे बसून साथ करणाऱ्यांना कोण विचारतो?

परदेशातले एक उदाहरण सांगतो. बीटल्स हे नाव सर्वांनी ऐकले आहे. जगप्रसिद्ध होण्याच्या तोंडावर, ऑगस्ट १९६२ मध्ये, त्यांनी आपला आधीचा ड्रमवादक पीट बेस्ट याला काढून टाकले. पुढे त्याने सरकारी रोजगार कार्यालयात नोकरी केली. १९९५ साली बीटल्सची जुनी ध्वनिमुद्रणे ‘अँथॉलॉजी’ या नावाने बाजारात आली. त्यातल्या दहा गाण्यांत ड्रम पीट बेस्टचा होता. तेहतीस वर्षांनी त्याच्या हाती मानधनाची मोठी रक्कम पडली. का पडली? त्या गाण्यांवर कोण वाजवत होते, याची नोंद होती म्हणून. दयेने त्याला काही मिळाले नाही. नोंदीने मिळाले.

आपल्याकडे कायदा नाही असे समजू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याचा हक्क आला. सादरकर्ता म्हणजे फक्त मुख्य गायक नव्हे, वादकही त्यात येतो. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३८-अ आणि ३८-ब जोडली गेली. ध्वनिमुद्रणाचा व्यापारी वापर झाला तर सादरकर्त्याला स्वामित्वधनाचा हक्क आहे, आणि आपली कला आपल्या नावाने ओळखली जावी, हाही त्याचा हक्क आहे. जुन्या कॅसेटींच्या बाबतीत ही वाट अवघड आहे, हे मी वकील म्हणून कबूल करतो. पण आज दर जयंतीला कार्यक्रमाचे चित्रीकरण होते, ते मोबाईलवर लाखो लोक पाहतात, कोणीतरी त्यावर पैसा कमावतो. तिथे तरी ढोलकीवाल्याचे नाव असते काय?

काही कार्यकर्ते म्हणतील, आमचे कलावंत मिशनसाठी गात होते, नावासाठी नाही. मान्य. मग उद्घाटकाचे नाव ठळक कशाला छापता? तेही मिशनसाठीच आले होते ना! आणि नाव ही आपल्याकरिता किरकोळ गोष्ट नाही. आपल्या बापजाद्यांना गावाने कधी धड नावाने हाक मारली नाही. कचऱ्या, धोंड्या म्हणून पुकारले, नाहीतर नुसते जातीने ओळखले. बाबासाहेबांनी आपल्याला माणूस म्हणून नाव दिले. त्याच बाबासाहेबांची गाणी वाजवणारा माणूस आपण बिननावाचा ठेवला.

मनुवादी साहित्यिकांनी, आकाशवाणीने, पुरस्कार समित्यांनी आपल्या कलावंतांची उपेक्षा केली, हे खरेच आहे. पण काकाजींच्या पिशवीतली ती चार पत्रके मनुवाद्यांनी छापली नव्हती. ती आपण छापली होती. दोष मुख्य गायकांचाही नाही. तेही फाटकेच होते, एकाच वाहनात बसून सारे घरी परतायचे. दोष आपल्या सवयीचा आहे.

शाहीर विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरला दीक्षाभूमीवर, व्यासपीठावरच कोसळले आणि गेले. सारा महाराष्ट्र हळहळला. साथीदार जातो तेव्हा वस्तीलासुद्धा पत्ता नसतो.

म्हणून सांगतो, तीन कामे करा. पहिले : यापुढे प्रत्येक पत्रकावर वादक आणि कोरस यांची पूर्ण नावे छापा. एका ओळीचा खर्च कितीसा? दुसरे : प्रत्येक विहारात एक रजिस्टर ठेवा. जुन्या कलावंतांचे नाव, जन्मसाल, वाद्य, पार्टी, वर्षे, फोटो, पत्रके सारे त्यात लिहा. झील धरणाऱ्या आयाबहिणींची नावे आधी लिहा, कारण ती सर्वांत आधी विसरली जातात. तिसरे : शिकलेल्या पोरांनी मानधनाचे अर्ज भरून द्यावेत. २०२४ पासून हे मानधन महिन्याला ५,००० रुपये झाले आहे. शाल आणि श्रीफळाने म्हाताऱ्याचे औषध येत नाही, पाच हजारांनी येते.

काकाजींसाठी आम्ही त्या काळच्या आयोजकांना शोधून काढले. तिघे हयात सापडले. त्यांची प्रतिज्ञापत्रे जोडून अर्ज पुन्हा दाखल केला आहे. निकाल यायचा आहे. पण ज्यांचे आयोजकही आता हयात नाहीत, त्यांच्यासाठी साक्ष कोण देणार?

येत्या १४ एप्रिलचे पत्रक छापखान्यात जाण्यापूर्वी एकदा वाचा. ‘आणि पार्टी’ हे दोन शब्द खोडा आणि तिथे माणसांची नावे लिहा.

जयभीम!