रिपोर्टमधला एक शब्द

एका आईचे पत्र आले आहे. मुलगी २२ वर्षांची. जेवल्यावर पोट जड व्हायचे म्हणून कित्येक महिने अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या चालू होत्या. सोनोग्राफीत स्वादुपिंडाच्या शेपटीकडे गाठ दिसली. ऑपरेशन झाले, गाठ पूर्ण निघाली. रिपोर्टमध्ये मात्र आले, 'सॉलिड सुडोपॅपिलरी निओप्लाझम, लो ग्रेड मॅलिग्नंट'. आई विचारते, "हा कॅन्सर आहे की नाही, एकदाच स्पष्ट सांगा. ईदनंतर निकाहची बोलणी आहेत. मुलाकडच्यांना सांगावे का?"

आपा, स्वादुपिंडाचा कॅन्सर म्हटल्यावर जो आजार डोळ्यांसमोर येतो, तो हा नव्हे. ही दुर्मीळ गाठ १९५९ साली व्हर्जिनिया फ्रांट्झ या अमेरिकन महिला डॉक्टरांनी वर्णन केली. दहापैकी नऊ रुग्ण स्त्रिया, त्याही बहुतेक तरुण. गाठ पूर्ण निघाली तर पाच वर्षांनंतर शंभरातल्या ९५ हून अधिक जणी हयात असतात.

मग 'मॅलिग्नंट' का लिहिले? कारण शंभरातल्या दहा-पंधरा जणींत ती यकृतात किंवा पोटाच्या आवरणात पसरते, कधी कधी बऱ्याच वर्षांनी. कोणाच्या बाबतीत, हे आधी ओळखणे अवघड असते. पॅथॉलॉजिस्ट पाहतात, गाठ रक्तवाहिनीत किंवा नसेत शिरली आहे का, पेशी किती वेगाने वाढताहेत (त्यासाठी केआय-६७ ही तपासणी). पण सगळे चांगले दिसलेली गाठही क्वचित परतते, आणि वाईट खुणा असलेली कित्येकदा परतत नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या वर्गीकरणात या जातीच्या सगळ्याच गाठी 'लो ग्रेड मॅलिग्नंट' धरल्या आहेत. म्हणजे तो शब्द या जातीच्या प्रत्येक गाठीला लागतो. तुमच्या मुलीत काही वेगळे वाईट सापडले, असा त्याचा अर्थ नाही.

सर्जनना दोन गोष्टी विचारा. कडा स्वच्छ आल्या का? गाठ फुटली होती का? प्लीहा काढली असेल तर न्यूमोकॉकससारख्या लसी घेतल्या का तेही पाहा, आणि तिला ताप आल्यास घरी वाट पाहू नका. अधूनमधून साखर तपासा.

आता निकाहचे. या आजारामुळे लग्न किंवा मूल टाळावे लागत नाही. गरोदरपणाआधी एक स्कॅन झालेला बरा. पण स्कॅन अनेक वर्षे चालू ठेवायचे आहेत, आणि सासरी लपवून ते पाळता येत नाहीत. लपवले की पहिली तारीख चुकते, मग दुसरी. माझे मत, मुलीला विचारून, बोलणी पक्की होण्याआधी सांगा. रिपोर्ट दाखवा, वर लिहिले ते समजावा. शब्दाला घाबरून उठणारे घर आत्ताच कळलेले चांगले.

आणखी एक. लॅबकडे गाठीचे ब्लॉक आणि स्लाइड असतात, ते मागून फाइलसोबत जपून ठेवा. ही गाठ कधी कधी स्वादुपिंडाच्या न्यूरोएंडोक्राइन गाठीसारखी दिसते, तेव्हा दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टना दाखवायला तेच लागतात.