विश्लेषण : चुंबकाला न चिकटणारे लाल खनिज ‘नव्या चुंबकां’च्या यादीत कसे?

मालवणच्या किनाऱ्यावर वाळूत काळे पट्टे दिसतात. कागदात गुंडाळलेला चुंबक त्यावरून फिरवला की मॅग्नेटाइटचे काळे कण भराभर चिकटतात. तोच चुंबक जांभ्याच्या चिऱ्याला लावा, सहसा काहीच होत नाही. खरे तर चिऱ्याला लाली देणाऱ्या खनिजांपैकी हेमॅटाइट हेही लोह आणि ऑक्सिजनचेच संयुग. रेडीच्या लोहखनिजातही ते आहे. चुंबकशास्त्राच्या संशोधकांचे सध्या या लाल खनिजाकडे लक्ष आहे.

मग हेमॅटाइट चिकटत का नाही?

लोहाचा प्रत्येक अणू हा छोटा चुंबकच. मॅग्नेटाइटमध्ये उलटसुलट दिशांची बेरीज शून्य होत नाही, काही चुंबकत्व उरते. हेमॅटाइटमध्ये दोन्ही बाजू जवळपास सारख्या. बरोबरीतली रस्सीखेच म्हणा ना! दोर हलत नाही, पण ताण खरा असतो. हा ताण सुमारे 680 अंश सेल्सियसपर्यंत टिकतो. अशा पदार्थांना अँटिफेरोमॅग्नेट म्हणतात. त्यांचा शोध लावणारे लुई नील यांनी 1970 मध्ये नोबेल स्वीकारताना, ते रंजक आहेत पण उपयोगाचे दिसत नाहीत, असेच म्हटले होते.

नवे काय घडले?

यातल्या काही पदार्थांत शेजारचा अणू केवळ उलट दिशेचा नसतो, त्याच्याभोवतीची अणूंची मांडणीही फिरलेली असते. त्यामुळे इलेक्ट्रॉन कोणत्या दिशेने जातो यानुसार दोन उलट ‘स्पिन’च्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा वेगळी होते. बाहेर शून्य, आत भेद. हे ‘अल्टरमॅग्नेट’. मँगनीज टेल्युराइडमध्ये याचा प्रायोगिक पुरावा 2024 मध्ये ‘नेचर’मध्ये आला. सिद्धांतानुसार हेमॅटाइटही याच घरातले.

त्याआधी 2018 मध्येच जर्मनीतील माइंत्स विद्यापीठातील संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेमॅटाइटच्या स्फटिकातून स्पिनचा संदेश काही दशक मायक्रोमीटर अंतरापर्यंत पाठवून दाखवला होता. हेमॅटाइट विजेचा वाईट वाहक आहे, तरीही! इलेक्ट्रॉन धावत नाहीत, चुंबकीय लहर पुढे सरकते. म्हणून तारेत वीज वाहताना होते तशी उष्णता इथे होत नाही. नेहमीच्या चुंबकीय मेमरीत कण फार जवळ आणले तर एकाचे क्षेत्र दुसऱ्याला बिघडवते. ज्याचे बाहेर जवळपास क्षेत्रच नाही, त्याची ही अडचण नाही. शिवाय लोह आणि ऑक्सिजन यांसाठी दुर्मीळ मूलद्रव्यांच्या मागे धावावे लागत नाही.

म्हणजे जांभ्याला भाव येणार?

नाही. असा व्हॉट्सअॅप मेसेज आला तर पुढे पाठवू नका. प्रयोगांना लागतात ते शुद्ध स्फटिक किंवा नॅनोमीटर जाडीचे थर. त्यांची किंमत लोहाची नसते, ते थर बसवण्याच्या कौशल्याची असते. रेडीचे खनिज आजवर टनांच्या हिशेबात विकले गेले आणि या संशोधनाने तो हिशेब बदलत नाही. अल्टरमॅग्नेटवर चालणारी मेमरी अजून बाजारात नाही.