विडी विझवा, धूळही आवरा

खंडेनवमीला पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांत यंत्रांना झेंडूचे हार चढतात. ही परंपरा स्तुत्यच आहे. परंतु त्या यंत्रापाशी तीस-तीस वर्षे उभ्या राहणाऱ्या माणसाच्या फुप्फुसांची विचारपूस कोण करतो?

फुप्फुसाच्या कर्करोगाचे सर्वांत मोठे कारण धूम्रपान, यात शंका नाही. मात्र ‘विडी ओढत होता’ एवढे म्हणून जबाबदारी झटकता येत नाही. फाउंड्रीतील वाळूची सिलिका, ॲस्बेस्टॉस, डिझेलचा धूर आणि २०१७पासून वेल्डिंगचा धूर हेही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने निश्चित कर्करोगकारक ठरविले आहेत. विडी आणि धूळ एकत्र आल्या की धोका कसा वाढतो, हे १९७९मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. या रोगाने मृत्यू येण्याचा धोका केवळ ॲस्बेस्टॉसमुळे सुमारे ५ पट, केवळ धूम्रपानामुळे ११ पट, तर दोन्हींमुळे तब्बल ५३ पट आढळला.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झालेल्या श्रमसंहितांत चाळिशीपुढील कामगारांच्या मोफत वार्षिक तपासणीची तरतूद आहे. तिचे स्वागत करतानाच ती उपचारापुरती उरू नये, हे पाहिले पाहिजे. छातीच्या नियमित एक्स-रेने या कर्करोगाचे मृत्यू घटत नाहीत, हे २०११मध्ये दीड लाखांहून अधिक लोकांच्या पाहणीत दिसले. त्याच वर्षी दुसऱ्या पाहणीत कमी मात्रेच्या सीटी स्कॅनमुळे दीर्घकाळ धूम्रपान करणाऱ्यांतील असे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. अर्थात स्कॅनमध्ये दिसणारे बहुतेक डाग निरुपद्रवी निघतात. म्हणून तो सरसकट नव्हे, तर पन्नाशीपुढील अतिजोखमीच्या व्यक्तींनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा.

खरी अडचण कंत्राटी कामगाराची. कारखाना बदलला की त्याची नोंद हरवते आणि रोग मात्र वीस-तीस वर्षांनी उघड होतो. ॲस्बेस्टॉस उद्योगाने कामगारांच्या आरोग्यनोंदी किमान ४० वर्षे जपाव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्येच दिला होता. हाच न्याय फाउंड्री आणि वेल्डिंगच्या कामगारालाही मिळावा; नोंदवही त्याच्यासोबत फिरावी. कारखानदारांनी केवळ मास्क वाटून न थांबता धूर उगमापाशीच शोषून घेणारी यंत्रणा बसवावी.

घरच्यांनीही जागे राहावे. तीन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला वा थुंकीतून रक्त म्हणजे क्षयच, असे गृहीत धरू नये. डॉक्टरांना विडीबरोबर कामाचाही इतिहास सांगावा. यंत्राइतकीच निगा माणसाची राखली, तरच ती पूजा सार्थ होईल.